माळावरचे गवत आणि दावणीची वैरण

कुरकुंभ, दौंड व शिरूर परिसरात एक-दोन दुभती जनावरे बाळगून प्रपंच चालविणाऱ्या कुटुंबांसमोर दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकच प्रश्न उभा राहतो : वैरण कोठून आणावी? दुधाचा पगार हाती येतो आणि त्यातील मोठा वाटा कडबा विकणाऱ्याकडे जातो. मे महिन्यात अनेकांना दावणीची गाय बाजारात न्यावी लागते, आणि त्या दिवसांत सगळेच आपापली जनावरे घेऊन निघालेले असल्यामुळे तिला भाव मिळत नाही. पुढे जुलैत माळ हिरवा होतो, तेव्हा दावण रिकामी असते.

या प्रश्नावर हल्ली एकच उत्तर ऐकू येते : नेपिअर लावा. नेपिअर चांगलाच आहे व त्याविषयी आम्ही पुढे लिहिणार आहोत. परंतु आपल्या बांधावर, ओढ्याकाठी व माळावर पूर्वीपासून काय उगवते आहे, हे ओळखल्यावाचून बाहेरचे ठोंब विकत आणणे आम्हाला उलट्या क्रमाचे वाटते. पूर्वी गुराख्याच्या पोराला दहा-बारा गवतांची नावे तोंडपाठ असत. आज शेतकऱ्याच्या घरातही सर्वांना मिळून ‘गवत’ हा एकच शब्द उरला आहे.

कुरकुंभ पुणे-सोलापूर महामार्गावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जून ते ऑक्टोबर या काळात. दौंड तालुक्याच्या ज्या भागाला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते तेथे ऊस आहे. जेथे ते पोहोचत नाही तेथे मुरमाड, उथळ मातीचे माळ आहेत. या माळांना सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हटले जाते. तो शब्द आम्हाला कधीच पटलेला नाही. दाबडघाव व शंकरनारायण या दोन अभ्यासकांनी देशभरातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून १९७३ साली भारताच्या तृणाच्छादनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी देशाचे पाच मोठे विभाग पाडले व दख्खनच्या पठाराच्या विभागाला दोन गवतांचे नाव दिले. ती दोन गवते म्हणजे सेहिमा व डायकँथियम. आपल्या भाषेत शेडा आणि मारवेल. दोन्ही उत्तम चाऱ्याची आहेत. पडीक म्हणविल्या जाणाऱ्या माळाची मूळ संपत्ती ती हीच.

गवत ओळखावे कसे?

प्रथम, नावात ‘गवत’ आहे म्हणून ते गवत असतेच असे नाही. गाजरगवत किंवा काँग्रेस गवत हे तृणकुळातील नव्हेच. ते सूर्यफुलाच्या कुळातील विषारी तण आहे. १९५० च्या दशकात पुण्यात ते प्रथम नजरेस आले व तेथून देशभर पसरले. भुकेल्या जनावराने ते खाल्ले तर दुधाला कडवट चव येते व अंगावर चट्टे उठतात. तरोटाही गवत नव्हे. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत आणि म्हणूनच अतिचराई झालेल्या माळावर तोच तेवढा वाढतो. लव्हाळा गवतासारखा दिसतो खरा. पण त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून पाहावा. तो तिधारी लागतो, त्यावर पेरे नसतात आणि पाने तीन बाजूंनी फुटतात. खऱ्या गवताचा दांडा गोल किंवा किंचित चपटा असतो, त्यावर उसासारखी पेरे असतात, पाने समोरासमोरच्या दोन रांगांत येतात आणि पानाचा खालचा भाग दांड्याभोवती खोळीसारखा गुंडाळलेला असतो. एवढी खूण पटली की पुढचे काम सोपे होते.

मारवेल ओळखण्यास त्याची पेरे पाहावीत. प्रत्येक पेरावर बारीक पांढऱ्या केसांचे कडे असते. शास्त्रीय नावातील ‘ॲन्युलेटम’ या शब्दाचा अर्थही कडे असलेले असाच आहे. शेंड्याला हाताच्या बोटांसारखी काही कणसे एकाच जागेतून फुटतात व त्यांवर जांभळट झाक असते. काळ्या मातीच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, कालव्याच्या उतारावर हे आपसूक येते. पाने मऊ, दांडा बारीक. त्यामुळे जनावर ते बुडख्यापर्यंत खाते. आमच्या मते आपल्या परिसरातील सर्वांत उपयोगी गवत हेच आहे, आणि बांध पेटवून देताना जळते तेही बहुधा हेच.

शेडा व त्याचा जवळचा भाऊ पवना ही मुरमाड उताराची गवते. यांच्या दांड्याच्या टोकाला एकच कणीस असते व त्यातून लांब, वाकडी कुसळे बाहेर आलेली दिसतात. डोंगरी गवताचा तुरा मोकळा असतो व दाण्यांच्या बुडाशी सोनेरी-तपकिरी केसांचा झुबका असतो. अंजन गवताचे कणीस म्हणजे बाजरीच्या कणसाची लहानशी, केसाळ प्रतिकृती. हात फिरवला तर ते केस मऊ लागतात. धामण त्याच्याच जातीची, पण तिचे केस आखूड व राठ असतात. गावागणिक ही नावे बदलतात. नावावर वाद घालण्यापेक्षा कणीस व पेर पाहिलेले बरे.

कुसळी गवताविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ व आपल्या डोळ्यातील मुसळ या दृष्टांतामुळे हा शब्द आपल्या कानांवर नेहमी पडतो; परंतु खरे कुसळ हातात घेऊन किती जणांनी पाहिले असेल? कुसळीच्या बियांना खाली सुईसारखे टोक असते व वर लांब, पीळ घातलेला काळपट केस असतो. हवेत ओल आली की हा पीळ उलगडतो, कोरडे पडले की पुन्हा वळतो, आणि या फिरण्यामुळे बी स्क्रूप्रमाणे जमिनीत आत शिरते. तीच करामत मेंढीच्या लोकरीत व कातडीत होते. शेळ्यांच्या तोंडात व डोळ्यांतही जखमा होतात. म्हणून कुसळीला सगळे नावे ठेवतात. प्रत्यक्षात फुलावर येण्यापूर्वी, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये, कुसळी कोवळी असताना कापली तर गुरे ती आवडीने खातात. दोष गवतात नाही, आपल्या विळ्याच्या उशिरात आहे. मात्र संपूर्ण माळावर कुसळीच कुसळी दिसू लागली, तर शेडा व मारवेल चरून संपले असा त्याचा अर्थ घ्यावा.

कापणीची वेळ

आपल्याकडे गवत कापण्याचा मुहूर्त दिवाळीनंतरचा. सुगीची कामे आटोपतात, पाऊस थांबलेला असतो, गवत वाळलेले असते. सोय सगळी असते. परंतु तोपर्यंत गवतातील सत्त्व निघून गेलेले असते. सप्टेंबरात फुलावर असलेल्या मारवेलमध्ये कोरड्या वजनाच्या सुमारे सहा ते सात टक्के प्रथिने असतात. बी झडून पिवळे पडलेल्या गवतात दोन-तीन टक्केच उरतात. गाईच्या पोटातील जे सूक्ष्म जीव चारा पचवितात त्यांना स्वतः जगण्यासाठी साधारण सात टक्के प्रथिने लागतात. ती नसली की चारा पोटात पडून राहतो. पोट भरलेले दिसते आणि गाय वाळत जाते, हे कोडे आपण उन्हाळ्यात पाहतो ते यामुळे.

म्हणून मारवेल, शेडा व अंजन निम्मे-अधिक फुलावर आले की कापावेत. पाऊस वेळेवर झाला असेल तर ही वेळ सप्टेंबरात, म्हणजे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या आगेमागे येते. त्या वेळी पाऊस असतो, वाळवण कोठे घालणार, ही अडचण खरी आहे. त्यावर आम्हाला सुचणारा मार्ग साधा आहे : सप्टेंबर-ऑक्टोबरात हे गवत रोज हिरवेच कापून दावणीला घालावे आणि घरातील कडब्याच्या व सरमाडाच्या गंजीला हात लावू नये. वाचलेला कडबा मार्चमध्ये कामी येतो. चार दिवसांची उघडीप मिळालीच तर गवत पातळ पसरून, दुपारी एकदा उलथून, हिरवटपणा राहील इतपत वाळवावे व पेंढ्या बांधून आडोशाला ठेवाव्यात. ओलसर गंजी रचू नये; आतून बुरशी धरते व गंजी तापते.

कापताना विळा जमिनीला घासू नये. बुडख्यात साठलेल्या अन्नावरच पुढचा फुटवा येतो. चार बोटे बुडखा ठेवला तर परतीच्या पावसावर दुसरी कापणी मिळते.

नेपिअर : अपेक्षा आणि हिशेब

ज्यांच्याकडे विहीर किंवा कालव्याचे पाणी आहे त्यांनी संकरित नेपिअर अवश्य लावावा. मूळ नेपिअर म्हणजे आफ्रिकेतील हत्ती गवत. भारतात कोइंबतूर येथे १९५० च्या दशकात त्याचा बाजरीशी संकर करण्यात आला. बाजरीकडून पाल्याचा मऊपणा आला, नेपिअरकडून वर्षानुवर्षे टिकण्याचा गुण. या संकराची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. बाजरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, नेपिअरच्या पेशीत २८. संकरित रोपात २१ येतात. ही विषम संख्या असल्यामुळे त्याला उगवणारे बी धरत नाही. तेव्हा संकरित नेपिअरचे ‘बियाणे’ कोणी पुडीत घालून विकत असेल तर ते घेऊ नये. लागवड ठोंबांनी किंवा दोन डोळ्यांच्या कांड्यांनीच होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत व फुले जयवंत हे वाण तसेच उरुळीकांचन येथील बाएफचा बीएनएच-१० हा वाण आपल्या भागात चालतात. दर वर्षी नवनवी नावे घेऊन येणाऱ्या महागड्या कांड्यांच्या मागे धावण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. शेजाऱ्याच्या शेतातील निरोगी ठोंब तेवढेच काम करतात.

दोन ओळींत ९० व दोन ठोंबांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवले तर एका गुंठ्याला सुमारे १८७ ठोंब लागतात. पहिली कापणी साधारण दोन ते सव्वादोन महिन्यांनी आणि पुढच्या दर सहा-सात आठवड्यांनी, जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर वर करावी. प्रत्येक कापणीनंतर शेणखत किंवा नत्र व पाणी द्यावे. चांगल्या देखभालीत हेक्टरी वर्षाला १०० ते १५० टन हिरवा चारा धरला, तर गुंठ्याला रोज पावणेतीन ते चार किलो पडतो. म्हणजे पाच गुंठ्यांत एका गाईची हिरव्या चाऱ्याची बहुतेक गरज भागते; मात्र थंडीत वाढ मंदावते, हे गृहीत धरावे. दोन गाईंना दोन गुंठे लावून वर्षभर पुरेल अशी आशा धरणे व्यर्थ होय.

नुसता नेपिअर घातल्यानेही भागत नाही. त्यात ऑक्झलेट असते व ते चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यासाठी सोबत द्विदल चारा हवा : पावसाळ्यात चवळी, हिवाळ्यात व नंतर लसूणघास. हिरव्या वैरणीचा तिसरा हिस्सा द्विदल असावा, असे साधारण प्रमाण आहे. लसूणघासाचे बी पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे काढून टाकावे, नाहीतर त्याबरोबर अमरवेल शेतात येते व मग पुरा वाफा उपटावा लागतो. औद्योगिक वसाहतीच्या भोवतालच्या गावांत विहिरीचे पाणी प्रथम तपासून घ्यावे आणि मगच त्यावर चारा पिकवावा. चाऱ्यावाटे ते दुधात उतरते आणि दूध आपल्याच मुलांच्या पेल्यात येते.

पाणी नसलेल्यांसाठी

पाणी नाही त्यांनी मारवेलचे ठोंब जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर बांधाच्या दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत अंतरावर लावावेत. राहुरी विद्यापीठाचे मारवेल-८ व फुले मारवेल ०६-४० हे निवडलेले वाण आहेत. न मिळाल्यास ओढ्याकाठचा मारवेल खोदून आणावा. एकदा लागला की बांधही धरून ठेवतो.

मुरमाड माळासाठी अंजन व स्टायलो यांची जोडी चांगली. स्टायलो हे पिवळ्या फुलांचे लहान झुडूपवजा द्विदल आहे. ते जमिनीला नत्र देते व गवताला प्रथिनांची जोड. त्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने बी ८० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात चार मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावे. अंजनाचे बी केसाळ व हलके असते. वाऱ्याने उडू नये म्हणून ते ओलसर माती व शेणात मिसळून फेकावे आणि वर फार तर नखाएवढा मातीचा थर येऊ द्यावा. खोल पडलेले बी उगवत नाही. पहिल्या वर्षी त्या तुकड्यात जनावर अजिबात सोडू नये. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

जीवघेण्या चुका

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका कुटुंबाची गाभण गाय तासाभरात गेली. रब्बीची ज्वारी काढून झाली होती, अवकाळी पाऊस पडला होता, आणि धसकटांना हिरवे कोवळे कोंब फुटले होते. गाय दावे तोडून त्या रानात शिरली. तोंडाला फेस, धापा, थरथर आणि मग ती आडवी झाली. घरच्यांना कोणीतरी मूठ मारल्याचा संशय आला. खरे कारण किराळ लागणे हे होते.

कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या वा कापणीनंतर फुटलेल्या ज्वारीत, असा घटक असतो की पोटात गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. चाऱ्याची ज्वारी निम्मी फुलावर येईपर्यंत जनावरास घालू नये. विषबाधेची लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. त्यांच्याकडे शिरेतून देण्याचे औषध असते व ते वेळेत मिळाले तर जनावर वाचते. घरगुती उपायांत गेलेली पंधरा मिनिटेच घातक ठरतात.

दुसरी चूक सावकाश मारते. कारखान्यांच्या हंगामात उसाचे वाढे स्वस्त मिळतात, म्हणून महिनोन्‌महिने तेवढेच घातले जातात. वाढ्यांतही ऑक्झलेट असते. त्यामुळे कॅल्शियम कमी पडते, गाय माजावर येत नाही, व्यायल्यावर बसून राहते. वाढ्यांची कुट्टी करून तीवर चुन्याची निवळी शिंपडावी व सोबत दुसरा चारा व क्षारमिश्रण द्यावे. लसूणघास पहाटेच्या दवासकट रिकाम्या पोटी घातला तर पोटफुगी होते. आधी थोडा कडबा घालावा.

ठोंब व माहिती कोठे मिळेल?

याच महामार्गावर पुण्याच्या बाजूला उरुळीकांचन आहे. महात्मा गांधी १९४६ साली तेथे आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले डॉ. मणिभाई देसाई तेथेच राहिले व १९६७ साली त्यांनी बाएफ ही संस्था स्थापन केली. संकरित गाई खेडोपाडी पोहोचविणाऱ्या या संस्थेला लवकरच कळून चुकले की चांगली गाय आली तरी चाऱ्यावाचून ती दूध देत नाही. म्हणून तिने सुबाभूळ, नेपिअर व अन्य चारापिकांवर काम केले. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्रही जवळच आहे.

माळ सुधारण्याचे उदाहरणही फार दूर शोधावे लागत नाही. घोड नदीपलीकडील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभारला व १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टची स्थापना केली. या कार्यक्रमात उतरणाऱ्या गावाला चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही हाच नियम स्वीकारला. नियमाचा अर्थ गवत वापरायचे नाही असा नव्हता. जनावराने चरायचे नाही, माणसाने विळ्याने कापून न्यायचे. खुरांखाली तुडवले न गेल्याने शेड्यासारखी गवते परत येतात.

मात्र चराईबंदीचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. ज्याला शेत नाही, चार शेळ्या आहेत, त्याला माळाखेरीज दुसरे कुरण नाही. धनगर बांधवांच्या मेंढ्याही याच माळांवर पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या आहेत. संपूर्ण माळ बंद करण्याऐवजी त्याचे तीन तुकडे करून दर पावसाळ्यात एकाला विश्रांती द्यावी, हे आम्हाला अधिक न्याय्य वाटते. आणखी एक सांगावेसे वाटते. चांगल्या शेड्याच्या माळावर चर खणून झाडे लावणे हे सत्कृत्य समजले जाते. तेथे गवत मरते आणि झाडही धड वाढत नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकारांसाठी राखले गेले, ते अशाच गवताळ माळावर.

यंदा ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी बांधावरील मारवेलचा एक दहा-पंधरा फुटांचा पट्टा सप्टेंबरात न कापता राखून ठेवावा. ऑक्टोबरअखेर त्याचे बी हाताने ओढले तर सहज सुटते. ते सावलीत वाळवून कापडी पिशवीत, उंदरांपासून दूर टांगून ठेवावे. ताजे बी नीट उगवत नाही. काही महिने ठेवलेले पुढच्या जूनमध्ये उगवते.